चितंग्या कुणाचा कोण?

शेजारची म्हातारी आजारी पडली की तिला दवाखान्यात नेतात, औषधपाणी करतात, रात्र रात्र उशाशी बसतात. मग आपला बैल लंगडा झाला तर त्याला खाटकाच्या हवाली का करायचं? ‘टिंग्या’ चित्रपटातल्या सात वर्षांच्या पोराला पडलेला हा प्रश्न. त्याला याचं धड उत्तर देणारा एकही मोठा माणूस अख्ख्या चित्रपटात भेटत नाही. कुणी रागावतं, कुणी समजूत घालायला जातं, कुणी विषयच बदलतं. मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटांत मोठी माणसं बहुतेकदा शेवटी शहाणी होतात, पोरांना जवळ घेतात आणि सगळं मार्गी लागतं. इथली मोठी माणसं अडलेली आहेत. त्यांच्याकडे उत्तर असतं तर त्यांनी ते पोराला दिलं नसतं का?

मंगेश हाडवळे यांचा हा पहिला चित्रपट २००८ साली लागला. हाडवळे जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचे, आणि चित्रपटही त्याच मातीतला, त्याच बोलीतला. बटाट्याच्या लागवडीचे दिवस आहेत. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडतो आणि कायमचा अधू होतो. टिंग्याचा बाप कारभारी कर्जात आहे. लागवड हवी तर दुसरा बैल हवा, दुसरा बैल हवा तर पैसा हवा, आणि पैसा उभा करायला घरात चितंग्याच आहे. तिकडे शेजारच्या रशिदाची नानी अंथरुणाला खिळलेली. टिंग्या या दोन्ही घरांतून दिवसभर ये-जा करतो आणि दोन्हीकडचं आजारपण एकाच मापानं मोजतो. शरद गोयेकरला या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील देव आणि माधवी जुवेकर आईबाप आहेत, रशिदा तरन्नुम पठाण, आणि नानीच्या भूमिकेत चित्रा नवाथे. या पोराच्या चेहऱ्यावर लाडिकपणा औषधालाही नाही. तो हट्ट करतो तो खेळण्यासाठी करावा तसा करत नाही, बांधावरून भांडणाऱ्या भावकीतल्या माणसासारखा करतो.

माझं गाव राजुरीपासून लांब, पण एकाच पाण्यावरचं. घोड नदी आंबेगावच्या डोंगरातून निघते, शिरूरला वळसा घालते आणि दौंडजवळ भीमेला मिळते. शिरूरहून न्हावरे आणि तिथून केडगाव चौफुला, या रस्त्याच्या आसपासच आमचा सगळा गोतावळा. (चौफुला म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू येतं. तिथल्या कला केंद्रांचा लौकिक मोठा. आम्हाला मात्र तो फाटा एसटी बदलायचा.) आता या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे ऊस. मी लहान असताना बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा असं बरंच काही रानात असायचं आणि दर घराच्या दावणीला निदान एक बैलजोड असायची.

टिंग्याला बैल भावासारखा वाटतो हे त्याच्या डोक्यातून निघालेलं खूळ आहे, असं चित्रपट पाहताना कुणाला वाटलं तर त्याला मी आमच्याकडचा भाद्रपदी पोळा दाखवीन. सर्वपित्रीच्या अमावास्येला येतो तो. आदल्या दिवशी खांदमळणी. जू घासून घासून निबर झालेल्या मानेवर तूप-हळद चोळायची. माझे आजोबा हे काम कुणाला करू देत नसत. तळहातानं गोल गोल चोळत ते बैलाशी बोलत, वर्षभरात जे काही उणंदुणं बोलले असतील त्याची जणू माफी मागत. दुसऱ्या दिवशी घोडच्या डोहात अंघोळ, शिंगं तासून हिंगूळ, वर पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर आरशांची झूल. संध्याकाळी मारुतीच्या देवळाला फेरा घालून जोडी दारात आली की आजी तिच्या पायांवर पाणी घालायची, औक्षण करायची आणि पहिली पुरणपोळी बैलाच्या तोंडात द्यायची. आम्ही पोरं मागं, भुकेलेली. विदर्भात तर आदल्या रात्री बैलाला जेवणाचं आवतण देतात, पाहुण्याला देतात तसं. आणि गल्लीतून कुणी कौतुक केलं की आजोबा छाती काढून म्हणायचे, “ल्योक हाय माझा थोरला.”

आता हे सगळं सहा-सात वर्षांचं पोर डोळे फाडून बघत असतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हे एका दिवसापुरतं आहे, की ‘ल्योक’ हे म्हणण्यापुरतं असतं. ते शब्द पक्के धरून ठेवतं. टिंग्याची कल्पनाशक्ती म्हणतात ती मला एवढीच दिसते, की मोठ्यांनी सणाला जे म्हटलं ते तो आडवारीही खरं मानतो.

काष्टीचा बाजार हा या गोष्टीचा दुसरा भाग. दौंडहून मनमाडच्या लाइनीला लागलं की भीमा ओलांडून काष्टी येतं. जनावरांच्या बाजारासाठी चहूकडून तिथं माणसं येतात. वडिलांबरोबर मी तिथं गेलो होतो ते आमचा हौश्या विकायला. हौश्या तांबडा, कपाळावर पांढरा टिळा, स्वभावानं इतका गरीब की आम्ही त्याच्या पोटाखालून पळापळी खेळायचो. आता वय झालं होतं आणि नांगराला दम धरत नव्हता. व्यापाऱ्यानं आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, शेपटी धरून बघितली, मग वरचा ओठ उचलून दात. ज्या तोंडात आजीनं पोळी घातली होती त्याच तोंडात तो परका अंगठा. वडील म्हणाले, “कामाला खोट नाही.” व्यापारी हसला. मग दोघांनी उपरण्याखाली हात घातले आणि बोटं दाबून, तोंडानं चकार शब्द न काढता भाव केला. त्या उपरण्याखाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. वडिलांचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो चेहरा घरातल्या वडिलांचा नव्हता. सौदा पटल्यावर त्यांनी हौश्याच्या गळ्यातलं आपलं दावं सोडलं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं गुंडाळून पिशवीत टाकताना ते मला म्हणाले, “गुळाची जिलेबी खायची का?” मी खाल्ली. चांगली होती.

कारभाऱ्यावर राग धरायला ‘टिंग्या’ आपल्याला जागा ठेवत नाही, ते यामुळे. तो बाप चितंग्याला विकतो म्हणून दुष्ट नाही. त्याच्याकडे दोन हिशोब आहेत आणि दोन्ही खरे आहेत. त्याला एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत इतकंच, आणि ते पोराला समजावून सांगण्याचे शब्द त्याच्या बापानंही त्याला दिलेले नाहीत. नानीचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. ती कामाची नाही म्हणून तिला कुणी विकायला काढत नाही. माणूस आणि जनावर यांच्यामधली जी रेघ मोठ्यांना इतकी उघड दिसते ती टिंग्याला दिसत नाही, आणि मोठ्यांनी बोट दाखवून ‘ही बघ’ म्हणावं तर त्यांचंही बोट थरथरतं. पुढे नानीही जाते. म्हणजे ज्या औषधपाण्याचा दाखला देऊन टिंग्या भांडत होता ते औषधपाणीही पुरं पडत नाही. हाडवळे यांनी हे पोराच्या अंगावर येऊ दिलं आहे, आडोसा धरलेला नाही.

हौश्या गेल्यावर त्याची दावण बरेच दिवस रिकामी होती. वडिलांनी खुंटीला अडकवलेलं दावं मी आणि माझ्या चुलत बहिणीनं काढलं आणि खुंट्याला बांधून दुसरं टोक तसंच मोकळं ठेवलं. पुढ्यात कडब्याच्या दोन पेंढ्या. संध्याकाळी “हौश्या, चल,” म्हणून पाण्यावरही न्यायचो. दाव्याचं मोकळं टोक जमिनीवरून सरपटत यायचं आणि आम्ही वाटेतल्या बायकांना बाजूला व्हायला सांगायचो. सकाळी उठून बघावं तर पेंढ्यांचा पाला साफ. आमची खात्रीच पटली. हौश्या रात्रीचा येतो, खातो आणि उजाडायच्या आत व्यापाऱ्याकडे परत जातो, कारण तो इमानी आहे आणि सौदा झालेला आहे. गोठ्यातली शेळी आम्हाला दिसत होती, पण तिचा संशय घ्यावा असं काही आमच्या मनात आलं नाही. आजीला सगळं कळत होतं. ती झाडलोट करताना त्या दाव्याभोवतीनं झाडायची आणि विचारायची, “येऊन गेला व्हय रं रातीचा?” चाऱ्याची नासाडी होते म्हणून घरातलं कुणी एक दिवस ओरडलं, तर आजीनं त्यालाच गप्प केलं.

असंच काहीसं सातासमुद्रापार एका गोष्टीत आहे. कॅथरिन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेच्या मुलाची जिवाभावाची मैत्रीण आठव्या वर्षी वीज पडून गेली. मुलाला काय सांगावं ते आईला कळेना, म्हणून तिनं कादंबरी लिहिली, ‘ब्रिज टू टेराबिथिया’, १९७७ साली. पुढे तो मुलगा मोठा झाला आणि २००७ साली आलेल्या चित्रपटाच्या लेखनात आणि निर्मितीत त्यानं भाग घेतला. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी ओढ्यापलीकडच्या रानात आपलं एक राज्य कल्पतात, त्याचे राजा-राणी होतात. ओढा ओलांडताना मुलगी बुडून मरते. मुलगा पुढे त्या ओढ्यावर फळ्यांचा पूल बांधतो आणि आपल्या धाकट्या बहिणीला त्या राज्यात नेतो. फार हळुवार चित्रपट आहे. ‘टिंग्या’ त्याच सुमाराला इकडे तयार होत होता हा योगायोग मला आवडतो. तिकडच्या पोरांना कल्पनेसाठी एक वेगळी जागा मिळाली, घरापासून दूर आणि मोठ्यांच्या नजरेआड. आमच्याकडे सगळं गोठ्यात, चुलीपासून दहा पावलांवर. राज्य उभं करायला लागणारं सामान मोठ्यांचंच, झूल त्यांची, घुंगुरमाळ त्यांची, ‘थोरला ल्योक’ हे पदही त्यांनीच दिलेलं. म्हणून ते मोडतंही त्यांच्याच हातानं, आणि म्हणून टिंग्याचं भांडण नशिबाशी किंवा विजेशी नाही, घरच्यांशी आहे.

‘टिंग्या’ लागला तेव्हा त्याच्या प्रश्नाला सरकारी उत्तर नव्हतं. ते २०१५ मध्ये आलं. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यापासून बंदी होतीच, मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू होऊन बैल आणि वळू त्यात आले. मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. कागदावर चितंग्या वाचला. पण कारभाऱ्याची अडचण होती तिथंच राहिली. दुसरा बैल आणायचा तर पैसा कुठून, आणि अधू जनावराच्या तोंडात रोजचा चारा घालायचा कुणी? आमच्या भागात लोकांनी याचं उत्तर आपापल्या परीनं काढलं. बैल ठेवणंच सोडलं. ट्रॅक्टर तसाही आलेला होता, त्याला फक्त आणखी एक निमित्त मिळालं. आज आमच्या गल्लीत पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरं जास्त आहेत. खरे बैल उरले ते शर्यतीचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाल्या, २०२३ मध्ये शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि घाटांवर पुन्हा भंडारा उधळू लागला. शर्यतीच्या बैलाला खुराक, मालिश, पंखा, डॉक्टर, सगळं. त्याच्या किमती ऐकून माझी आजी म्हणाली असती, एवढ्यात तर सोयरीक होते. पण त्या बैलाच्या पोटाखालून कुठलं पोर पळापळी खेळत नाही, मालक खेळू देणार नाही.

आणि बिबट्या. चित्रपटात तो निमित्ताला आहे, खड्ड्यापुरता. आमच्याकडे तो आता कथेच्या मधोमध येऊन बसलाय. ऊस वर्षभर उभा, कालव्याचं पाणी जवळ, कुत्री-शेळ्या हाताशी, त्याला डोंगराची गरज उरली नाही. बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि वाढल्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्यानं लहान मुलांचे बळी घेतले आणि लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर रानात खुरपायला जाणाऱ्या बाया-माणसांच्या गळ्यात खिळे लावलेले पट्टे दिसू लागले. मेंढपाळ पूर्वी कुत्र्याच्या गळ्यात घालायचे तसे. हा पट्टा घातलेली एक बाई मी जवळून पाहिली. तिनं त्याच्यावरून साडीचा पदर घेतला होता आणि खिळे पदरातून वर आले होते. तिच्या लेकराला ती नजरेआड होऊ देत नव्हती. त्या पोरानं ओढ्यापलीकडे राज्य वसवावं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तरी ‘टिंग्या’ आता जुना झाला, असं म्हणायला मी धजत नाही, आणि त्याला कारण आहेत कोप्या. दसरा-दिवाळीनंतर पाटसच्या, आलेगावच्या कारखान्यांच्या आसपास ऊसतोड टोळ्या उतरतात, बीड-नगरकडच्या. पाचटाच्या कोप्या, पुढे चूल, आणि चुलीला लागून बैल. टायरगाडीला दोन बैल, तेच घराचं भांडवल, तेही मुकादमाची उचल घेऊन आणलेलं. आईबाप पहाटे फडात गेले की कोपीवर राहतात पोरं, म्हातारी आणि संध्याकाळच्या खेपेची जोडी. पोरं बैलाला वाढं टाकतात, शेण काढतात, गोचीड काढतात, थंडी पडली की त्याच्या अंगाला टेकून बसतात. तिथल्या मुलांना शिकवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्या लॅपटॉपवर आम्ही एका संध्याकाळी ‘टिंग्या’ लावला.

मला वाटलं होतं पोरं रडतील. दोन-तीन बारकी रडलीही. बाकीच्यांनी चित्रपट संपेपर्यंतही दम धरला नाही. चितंग्याला उठता येत नाही हे कळल्याबरोबर एकजण म्हणाला, “डाग द्यायला पाहिजे हुता.” दुसरा म्हणाला, डागानं काही होत नाही, त्यांच्या बैलाला दिला होता, उलट चिघळलं, जनावराच्या डॉक्टरनं सुई मारली तेव्हा चालला. तिसऱ्याचं म्हणणं, बिब्बा घालायचा आणि गरम विटेनं शेकायचं. आवाज चढले. पडद्यावर कारभारी आणि टिंग्या भांडत होते, इकडे ही पोरं. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “आमचा बैल मोडला तवा पप्पानी दुसऱ्यासाठी परत उचल घेतली. ती अजून फिटली न्हाई.” त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण ते तिथल्या सगळ्यांच्याच घरचं होतं. पण तिनं तिथं थांबायचं सोडून विचारलं, “मग जुन्या बैलाचं काय केलं इचारा ना.” मित्रानं विचारलं. “गावाकडं आज्जीपाशी हाय,” ती म्हणाली. “दोघं बी लंगडतेत.” आणि स्वतःच खो खो हसली. तिच्याबरोबर सगळी.

टिंग्यानं नानीला आणि चितंग्याला एकाच मापानं मोजलं, ते या मुलीला आधीच जमलेलं होतं. त्यात तिला वावगं किंवा विशेष काही दिसत नव्हतं.

डाग की सुई हा वाद मात्र मिटेना. शेवटी पहिल्या पोरानं मला फर्मावलं, बैल खड्ड्यात पडतो तिथवर पुन्हा मागं न्या. पाय पुढचा का मागचा, खुब्यातून गेलाय का गुडघ्यातून, ते नीट बघायचंय, त्याशिवाय इलाज ठरायचा नाही. मी मागं नेलं. सगळी डोकी पडद्यापाशी गोळा झाली आणि मला काहीच दिसेना.